उजव्या हाताची नोंद: मृगापासून श्रावणापर्यंत

पेटीवर काळी दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, प म ग रे आता संथ लयीत स्वच्छ वाजतंय. शिमग्यानंतरच्या नोंदीत लिहिलं होतं की मध्यमा म वर टेकली रे टेकली की अनामिका तळहाताकडे वळते, करंगळीलाही ओढते, आणि परत प वर यायची वेळ आली की ती पट्टीवर नसतेच. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, हे अजून होतं. संथ लयीत मात्र थांबलंय. पेटी वाजवणाऱ्यांपैकी ज्यांची बोटं अशीच वळतात, त्यांच्यासाठी हे कसं जमत गेलं ते सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी आजाराबद्दल. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. वर्षानुवर्षं बारीक, वेगवान, तीच ती हालचाल करणाऱ्या हाताला तो गाठतो: वादक, सतत लिहिणारे, शिवणकाम करणारे. व्यावसायिक वादकांत शंभरात साधारण एकाला होतो असं मानतात. बिघाड स्नायूत किंवा सांध्यात नसतो, मेंदूत असतो. एक बोट हलवताना शेजारच्या बोटांना गप्प ठेवण्याचं काम मेंदू करतो, तेच सैल पडतं. मेंदूत प्रत्येक बोटाची आपली अशी जागा असते. या आजारात त्या जागांच्या सीमा पुसट होतात आणि एका बोटाला दिलेला हुकूम दुसरं बोटही ऐकतं.

दुखत मात्र काही नाही. त्यामुळेच लोकांना पटत नाही. आमच्या भजन मंडळाच्या बुवांनी विचारलं, "दुखता काय रे?" मी म्हटलं, "नाय बुवा, दुखणा नाय." ते म्हणाले, "मगे वाजय ना!" त्यांचं चुकत नाही. त्याच हाताने मी नारळ सोलतो, सही करतो, मोबाईलवर टाइप करतो. टेबलावर तीच बोटं त्याच क्रमाने आपटली तर सगळी सरळ राहतात. पेटीसमोर बसलं की वळतात.

म्हणून निदानाला जाताना वाद्य सोबत न्याच. आधी एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. पुढे गोव्यात न्यूरोलॉजिस्टकडे गेलो तेव्हा एमआरआय आणि नसांची तपासणी, दोन्ही स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी पेटी उघडायला लावली, भजनातला एक गजर वाजवायला सांगितला, बोटांकडे टक लावून पाहिलं आणि तिथेच नाव सांगितलं. या आजाराचं निदान मुख्यतः डोळ्यांनीच होतं.

आता रियाजाबद्दल. वळणाऱ्या बोटावर दामटून मेहनत केली की मेंदू तेच वळण आणखी पक्कं करतो. नाओताका साकाई या जपानी डॉक्टरांनी 2006 मध्ये पियानोवादकांसाठी लय उतरवण्याची पद्धत मांडली, मी तीच धरली आहे. ज्या लयीत बोट अजिबात वळत नाही ती लय शोधायची, तिथेच राहायचं, आणि बरेच दिवस स्वच्छ गेले की किंचित वाढवायची. माझी लय मेट्रोनोमवर, म्हणजे मिनिटाचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, 40 च्या खाली होती, एका ठोक्याला एक सूर. मृगाच्या सुमारास 60 वर आलो, आता 72 वर आहे. बोट वळायची चाहूल लागली की तिथेच हात उचलायचा. वळल्यावर उचलून उपयोग नाही, त्याच्या आधी. ही चाहूल मनगटाच्या वर, कोपराकडच्या स्नायूत बारीक ताण येऊन कळते. डाव्या हाताने भाता सोडून तो स्नायू चाचपून पाहा, लगेच सापडेल.

सा ची पट्टी बदलल्यानेही फरक पडतो. काळी दोनमध्ये म आणि प दोन्ही काळ्या पट्ट्यांवर येतात, ग आणि रे पांढऱ्यांवर, म्हणजे हाताला प्रत्येक वेळी उतरावं लागतं. पांढरी एकमध्ये हेच सूर एका पातळीवर आहेत आणि बोट बरंच कमी वळतं. म्हणून नवी लय आधी पांढरी एकमध्ये बसवतो, मग काळी दोनला नेतो.

दुसरी गोष्ट हातमोज्याची. पातळ रबरी हातमोजा घालून वाजवलं तर सुरुवातीची काही मिनिटं बोट जवळजवळ सरळ राहतं. स्पर्श बदलला की मेंदूचा ठरलेला चुकीचा हुकूम काही काळ अडतो. डिस्टोनियाच्या इतर प्रकारांतही, मान वळणाऱ्यांत तर बऱ्याचदा, असा स्पर्शाचा उपाय आढळतो. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. मला आता नुसती अनामिकेच्या टोकाला कागदी चिकटपट्टी लावूनही पुरतं.

आणि पावसाळा! आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्या फुगून जड होतात, जोर लावावा लागतो, आणि जोर आला की बोट वळलंच. आषाढात दोन आठवडे काही पुढे सरकेना. शेवटी कारागिराकडून पट्ट्या घासून मोकळ्या करून घेतल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. हे आधीच करून घ्या.

औषधांपैकी ट्रायहेक्सिफेनिडिल घेऊन पाहिलं. तोंड कोरडं पडायचं, भजनाचे शब्द आठवेनात. डॉक्टरांना विचारून बंद केलं. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन हाताच्या पुढच्या भागातल्या नेमक्या स्नायूत देतात, असर साधारण तीन महिने टिकतो, पण शेजारचं बोट लुळं पडायचा धोका असतो. चतुर्थीच्या तोंडावर मला तो नको. लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाचा उजवा हात 1964 च्या सुमारास असाच गेला, अनामिका आणि करंगळीच वळायची. तीस वर्षं तो डाव्या हाताने वाजवत, शिकवत, वाद्यवृंद चालवत राहिला. बोटॉक्स आणि मसाजनंतर 2004 मध्ये त्याचं दोन्ही हातांचं ध्वनिमुद्रण आलं. आजार पूर्ण गेला असं त्याने कधी म्हटलं नाही, तरी तो वाजवत होता. ते ध्वनिमुद्रण मी रात्री पुन्हा पुन्हा ऐकतो.

यंदा चतुर्थीत आरत्या आणि संथ अभंग मी घेणार, चढत्या लयीचे गजर मंडळातला धाकटा मुलगा घेईल. बुवांशी बोलणं झालंय. ते रियाजाला येऊन बसले, अनामिका कशी वळते ते स्वतः पाहिलं, आणि आता म्हणतात, "सावकाश घे, आमी थांबतलंव."

कुणाला माझ्यासारखा अवरोहात, म्हणजे उतरत्या सुरांत, नाही तर आरोहात, चढत्या सुरांत, त्रास होत असेल तर कोणत्या पट्टीत आणि कोणतं बोट, तेवढं नक्की लिहा. माझ्याकडे आरोहाचा अनुभव नाही, आणि पुढचा पलटा, म्हणजे सुरांचा ठरावीक क्रम, बसवण्याआधी तो मला हवा आहे.