वाट कुणाच्या पायाशी?

उन्हाळ्याच्या रात्री पुळणीवर अनवाणी उभं राहिलं की वरची वाळू गार लागते. पण अंगठ्याने जरा उकरलं की खाली दुपार सापडते. अजून कोमट असते. दिवस मावळला म्हणतो आपण, तो वीतभर खाली नुसता पुरलेला असतो.

वर पौर्णिमेचा चंद्र. पौर्णिमेला तो सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य दिवसा माथ्यावर चढतो आणि हा रात्री खालच्या अंगाने जातो. चंद्र खाली, म्हणून पाण्यावरचा त्याचा रुपेरी पट्टा लांबलचक. तो थेट आपल्या पायाशी येऊन थांबतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

त्या रात्री मित्र तीसेक पावलं पलीकडे उभा होता. “इकडे ये, पट्टा बरोबर माझ्यासमोर आलाय बघ,” तो ओरडला. मी म्हटलं, “अरे, तो माझ्यासमोर आहे!” दोघंही खरंच बोलत होतो. लाटांचा एकेक उतार म्हणजे एकेक आरसा. ज्यांचा कल ज्याच्या डोळ्यांशी जुळतो, तेवढेच त्याला चमकताना दिसतात. समुद्र अगदी निश्चल असता तर एकच वाटोळं प्रतिबिंब दिसलं असतं. वाट दिसते ती पाणी हलतं म्हणून. मी चालू लागलो तशी ती माझ्याबरोबर निघाली. मित्राची त्याच्याबरोबर गेली असणार.

समुद्रावर माणसाला ‘मी कोण’, ‘हे सगळं कशासाठी’ असलं काहीबाही सुचतं ते यामुळेच, अशी माझी समजूत आहे. एवढं अफाट आकाश, आणि त्यातून एक वाट आपल्यापर्यंत आखलेली! नाव घेऊन बोलावल्यासारखं वाटतं. मग बोलावलं कशाला, हे विचारणं आलंच. याच वाळूवर भर दुपारी तसलं काही सुचत नाही. तेव्हा पाय पोळतात आणि सावली कुठे एवढा एकच प्रश्न जगात उरतो. चांदण्यात तर रंगही धड कळत नाहीत, कारण इतक्या मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ हात टेकतात. मित्राचा शर्ट निळा की हिरवा हे मला सांगता येईना, आणि निघालो होतो आयुष्याचा अर्थ लावायला.

चंद्राबद्दलचे बाकी प्रश्न मात्र चोख सुटलेत. 1969 साली अपोलो 11च्या अंतराळवीरांनी तिथे एक परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून त्यावर लेसर सोडायचा. जाऊन परत यायला त्याला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात, त्यावरून अंतर काढायचं. सरासरी 3,84,000 किलोमीटर भरतं, आणि चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर लांब जातोय. कारण हाच समुद्र. चंद्राच्या ओढीने पाण्याला फुगवटा येतो, पृथ्वी फिरता फिरता तो फुगवटा चंद्राच्या जरासा पुढे नेते, आणि तो चंद्राला पुढे ओढत राहतो. त्याने चंद्राची कक्षा वाढत जाते. ज्याने पाणी ओढलं त्यालाच पाणी दूर सारतंय!

हे मी मित्राला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तो ऐकत होता, मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, “बरं. मग?”

त्या ‘मग?’पाशी मी अडकलो. रागही आला थोडा. पण त्याने ते मला चिडवायला विचारलं नव्हतं. तो चंद्राकडेच बघत होता. बराच वेळ दोघंही गप्प बसलो.

तोवर पाणी घोट्याला लागलं. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी नि चंद्र एका ओळीत येतात, म्हणून भरती उधाणाची, हे मला तोंडपाठ. चपला तरीही समुद्राच्या बाजूलाच काढून ठेवल्या होत्या. मोबाईलचा टॉर्च लावून शोधाशोध केली. एकच सापडली. शर्ट हिरवा होता.