मुलीचे नाव: वेगळे, पण हाक मारता येण्याजोगे

मुलीच्या जन्मपत्रिकेत पुनर्वसू नक्षत्राचा पहिला चरण निघाला आणि नावरस अक्षर ‘के’ आले, तेव्हा घरात सर्वांच्या तोंडी एकदम ‘केतकी’ आले. नाव गोड आहे, पण आमच्या नात्यातच दोन केतकी असल्याने ते मागे पडले. मोबाईलवरच्या याद्यांमध्ये मात्र ‘कियारा’, ‘मायरा’, ‘शनाया’ अशा एकाच साच्यातल्या नावांची रांग होती. वेगळेपणाच्या हौसेपोटी सगळ्यांनी तीच नावे ठेवली, तर वेगळे काय उरले?

दुसऱ्या टोकाला जोडाक्षरांनी भरलेली संस्कृत नावे होती. ती कागदावर भारदस्त दिसतात. परंतु कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या वाड्यात सासूबाई स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत जी हाक मारतात, तीत जोडाक्षर टिकत नाही. म्हणून मी प्रत्येक नाव त्यांना मोठ्याने उच्चारायला लावले, आणि ज्याच्यापुढे ‘गं’ लावताना त्या अडखळल्या, ते बाद केले. नाव मुलीचे असले, तरी ते आयुष्यभर वापरणार असतात इतर लोक.

‘केसर’ त्यांनी पहिल्याच दमात उच्चारले. जुन्या पिढीत केसरबाई असत, पण आता बालवाडीच्या हजेरीत हे नाव क्वचितच ऐकू येते. शिवाय छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादिया खाँ यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेतून अवकाशात गेली, हे सांगताच सासरे खूश झाले. दिरांना मात्र अजूनही आंबाच आठवतो.

नावाची घाई करण्याचे कारण नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मात्र त्या नोंदीत वर्षभरात विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तरीही बारसे बाराव्या दिवशीच झाले, कारण नणंदबाई पुण्याहून रजा काढून आल्या होत्या आणि पाळण्यात वाकून कानात ‘कुर्रर्र’ करण्याचा, पाठीत धपाटे खाण्याचा आत्याचा मान त्या सोडणार नव्हत्या.

दाखल्यावर ‘केसर’ आहे. शेजारच्या काकू ‘केशर’ म्हणतात, आणि आम्ही त्यांना दुरुस्त करत नाही.