वहीतल्या फुल्या

गणपती जाऊन चारच दिवस झाले होते. वाळवा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या तिघी जणी सकाळच्या पहिल्या एसटीनं सांगलीला आल्या आणि मी ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसल्या. अकरा वर्षं मी गटांचे आणि शेतकरी कंपन्यांचे प्रस्ताव लिहून देते. मागणी बहुतेक ठरलेली असते: शेवयाचं मशीन, पिठाची गिरणी, शेळ्या. गटाच्या अध्यक्ष आक्कांनी पिशवीतून एक शंभर पानी वही आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार कोळशाच्या कांड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ताई, विलायतेच्या राजपुत्राचं बक्षीस हाय न्हवं, त्येचा फारम भरायचा हाय."

नातीनं त्यांना मोबाइलवर अर्थशॉट पुरस्काराची माहिती दाखवली होती. पर्यावरणाच्या कामासाठी प्रिन्स विल्यम यांनी २०२० मध्ये सुरू केलेला हा पुरस्कार २०२१ ते २०३० अशी दहा वर्षं दरवर्षी पाच जणांना मिळायचा आहे, प्रत्येकी दहा लाख पौंड. पहिल्याच वर्षी तो विद्युत मोहन यांच्या टाकाचार कंपनीला मिळाला, पिकाचे अवशेष न जाळता त्यांपासून इंधन आणि खत करणाऱ्या यंत्रासाठी. २०२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात काम करणाऱ्या एसफोरएस कंपनीला मिळाला, सौर ड्रायरवर शेतमाल वाळवून त्याची नासाडी थांबवल्याबद्दल. नातीचं म्हणणं सरळ होतं. आजी पाचटाचा, म्हणजे ऊस तोडल्यावर फडात उरणाऱ्या आणि बरेच जण पेटवून देतात त्या वाळक्या पानांचा, कोळसा करते, मग तिला का नको?

मला आधी वाईट बातमी द्यावी लागली. या पुरस्काराला आपला अर्ज आपण करता येत नाही. त्यांनी नेमलेल्या संस्थाच नावं सुचवतात. शिवाय नुसती कल्पना चालत नाही. काम प्रत्यक्ष चालू असावं लागतं आणि ते मोठ्या प्रमाणावर वाढण्याजोगं असावं लागतं.

"मग आमाला कोन वळखतंय?" तिघींतली धाकटी म्हणाली.

ते मला लागलं. जगभरातल्या नवकल्पना शोधणाऱ्यांची नजर कृष्णाकाठच्या गावातल्या परसदारापर्यंत पोचायची कशी, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याही नियमावलीत नाही. मी म्हटलं, नाव सुचवणारं कुणी भेटलं तर त्याच्या हातात द्यायला फाइल तरी तयार असू दे. असे पुरस्कार देणारे जे विचारतात, ते मी विचारते. तुम्ही सांगा.

पहिला प्रश्न, यात नवं काय. मी भराभर टाइप केलं, 'गटाने विकसित केलेली भट्टी'. वाचून दाखवल्यावर आक्कांनी हात वर केला.

"आमी न्हाई केली. फलटनला जाऊन शिकलो आमी."

त्यांचं बरोबर होतं. खेड्यांसाठी तंत्रं तयार करणाऱ्या, डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचं हे तंत्र. पाचट गच्च भरलेले डबे मोठ्या भट्टीत ठेवायचे, खालून थोडं पाचट पेटवायचं. तापलेल्या डब्यांतून जो वायू बाहेर पडतो तोच पुढं जळत राहतो, म्हणून भट्टी स्वतःच्या आगीवर चालते आणि धूर कमी होतो. डब्यात उरलेली काळी भुकटी खळीत कालवून तिच्या कांड्या पाडायच्या. याच कामासाठी 'आरती'ला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा पुरस्कार मिळालेला आहे. हे मला ठाऊक होतं. तरीही मी ते वाक्य लिहिलं होतं, कारण फॉर्मवर 'नवं' दिसावं लागतं. ते खोडलं.

मग तुमचं काय? आक्का विचारात पडल्या. पाचट हलकं, पण पसारा फार. ट्रॉली भरून आणलं तरी वजन भरत नाही. म्हणून त्या भट्टी फडाच्या बांधावर नेतात आणि घरी फक्त भुकटी आणतात. हेही काही जगावेगळं नाही, त्या स्वतःच म्हणाल्या.

दुसरा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटत होता: तुम्ही हे केलं नसतं तर काय झालं असतं? जाणकार परीक्षक इथंच अडवणार. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, आणि ते फडातच सरीत दाबून कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते. कृषी खातं वर्षानुवर्षं हेच सांगतंय. मग जमिनीचं खाद्य उचलून कोळसा करणं पर्यावरणाच्या भल्याचं कसं? मी हे आडवळणानं विचारलं, त्यांना टोचू नये म्हणून.

आक्कांनी वही माझ्याकडं सरकवली. डाव्या बाजूला तारीख, मग शेतकऱ्याचं नाव, जमिनीचा गट नंबर, डबे किती, भुकटी किती किलो. अक्षर नातीचं, दोन हंगामांचं. मधूनमधून काही ओळींत डबे आणि किलोच्या जागी नुसती फुली होती. त्या दिवशी भट्टी लागली नसेल, पाऊस आला असेल, असं मी धरून चालले होते. नीट पाहिलं तर प्रत्येक फुलीपुढं बारीक अक्षरात एकच शब्द: 'कुजिवतो'.

"जो पाचाट कुजिवतो त्येच्या फडात आमी पाय ठेवत न्हाई," आक्का म्हणाल्या. "त्येच्या रानाचं हाय ते. जो काडी लावायला निघालाय, त्येच्याच बांधावर आमी जातो. आदी इचारतो, मगच डबं उतरवतो."

मी पानं मोजली. पहिल्या हंगामात फुल्या सहा, दुसऱ्यात सतरा. धाकटीनं सांगितलं, आक्का विचारायला गेल्या की शेतकऱ्याशी बोलत बसतात. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून येणारा पुढचा ऊस, कसा फुटतो, उंदीर होतात का, पाचट आडवं आलं तर मशागत कशी करायची. त्यातले काही जण पुढच्या वर्षी पेटवायचे थांबले. म्हणजे या बाई आपला कच्चा माल स्वतःच कमी करत होत्या आणि त्याची नोंदही ठेवत होत्या! मी लोकांना बेसलाइन (आपण नसतो तर काय झालं असतं याची नोंद), प्रभाव वगैरे शिकवत फिरते. इतकी स्वच्छ बेसलाइन मला आजवर कुठल्या प्रस्तावात मिळालेली नाही.

कोळसा कुठं जातो हेही विचारलं. चहाच्या टपऱ्या आणि इस्त्रीवाले. २०२१ च्या अर्थशॉटच्या अंतिम फेरीत तमिळनाडूच्या विनिशा उमाशंकरची सौर इस्त्रीगाडी होती, कोळसा सुटावा म्हणूनच केलेली. ते ऐकून आक्का म्हणाल्या, "चांगलं हाय की मग. ती गाडी हितं आली तर आमी दुसरं गिऱ्हाईक बगू." मी तेही जसंच्या तसं लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र कच्ची होती. किलोचे आकडे किराणा दुकानातल्या उसन्या काट्यावरचे, तेही दुकान मोकळं असेल तेव्हाचे. काही ओळींत 'अंदाजे' असं होतं. तेवढ्या ओळी आम्ही बेरजेतून वगळल्या. आकडा बराच खाली आला. तिघींपैकी कुणीही कुरकुरलं नाही.

वही ठेवून जायला आक्का तयार नव्हत्या. आम्ही खाली जाऊन सगळ्या पानांची झेरॉक्स काढली आणि त्या दुपारच्या गाडीनं गेल्या. कांड्या माझ्या टेबलावरच राहिल्या.

नाव सुचवू शकेल अशा एका संस्थेला मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात तंत्र कुणाचं आहे ते, दुसऱ्यात फुल्यांचं, आणि सोबत झेरॉक्स. उत्तर अजून आलेलं नाही. आक्कांचा फोन परवा आला. कारखान्याची तोड गावात पोचली आहे, पहिला फड शुक्रवारी निघतोय.

"ताई, काटा घिऊन कवा येताय?"

काटा घेतलाय. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघतेय.