एकच टाकी, दोन कॅफे

कॉफी मशीनच्या दुरुस्तीच्या कामात एका दिवसात दोन कॉल येणं नवं नाही. त्या दिवशीचे दोन्ही मात्र एकाच इमारतीतून, एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी आले. अलीकडे एका चेनची शाखा, पलीकडे एका बाईंचं स्वतःचं छोटं कॅफे. चेनवाल्यांचं म्हणणं, स्टीमच्या नळीतून वाफेऐवजी पाणी थुंकतंय, दूध पातळ होतंय आणि सकाळपासून मशीन दोनदा एरर दाखवून बंद पडलंय. पलीकडची तक्रार अगदी उलटी: मशीन ठणठणीत, कॉफी मेलेली.

"मेलेली म्हणजे?"

"सपाट लागते हो, दादा. बीन्स तीनदा बदलून झाले. आता मला माझ्या जिभेचाच संशय यायला लागलाय."

आधी चेनकडे गेलो. तिथे धंदा थांबला होता.

मशीन पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबलं की तेच दळतं, तेच दाबतं, पाणी मोजून सोडतं. माणसाच्या हातात उरतं ते दूध, आणि तक्रार नेमकी दुधाची. स्टीम बॉयलर कधीच काठोकाठ भरलेला नसतो, वर वाफेसाठी जागा सोडलेली असते. पाणी किती भरायचं हे एक बारीक स्टीलची सळई ठरवते, तिला आम्ही लेव्हल प्रोब म्हणतो. पाणी प्रोबला टेकलं की पाण्यातून बारीकसा करंट बॉयलरच्या अंगाला जातो, कंट्रोल बॉक्सला कळतं की पातळी झाली, आणि भरणारा व्हॉल्व्ह बंद होतो. प्रोबवर क्षाराचं कवच बसलं की करंट अडतो. बॉक्सच्या लेखी बॉयलर रिकामाच, म्हणून तो भरत सुटतो. वाफेची जागा पाण्याने व्यापली की नळीतून वाफेबरोबर गरम पाणी येतं आणि जगमधल्या दुधात मिसळतं. ठरावीक वेळात पातळी आली नाही की बॉक्स घाबरून सगळं बंद करतो. तीच ती एरर. (पाण्यात क्षार फारच कमी असले, म्हणजे नुसतं आरओचं पाणी दिलं, तरी करंट जात नाही आणि हाच तमाशा होतो. तेव्हा प्रोब मात्र चकचकीत असतो.)

वीज बंद केली, नळी उघडून प्रेशर शून्यावर आणलं, बॉयलर थंड होऊ दिला. प्रोब किती आत होता त्याची खूण केली, कारण तो परत बसवताना वरखाली झाला की पातळीच बदलते. बाहेर काढला तर वर खडूसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर कपची निघाली. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून त्यात पंधरा मिनिटं बुडवला, बुडबुडे थांबल्यावर स्कॉचब्राइटने पुसला, नवा वॉशर घालून खुणेवर बसवला. बॉयलरमधलं जादा पाणी काढलं. वाफ कोरडी यायला लागली.

बरेच जण इथेच बिल फाडतात. पण प्रोबवर कवच आलंच कसं? या शाखेत पाण्याच्या लाइनवर फिल्टर होता, आणि कार्ट्रिज सव्वा महिन्यापूर्वीच बदललेलं. काउंटरवर ३८ टक्के शिल्लक दिसत होतं. बॅगेतून थेंबांचा किट काढला. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तोच. पाच मिली पाणी घ्यायचं, थेंब मोजत टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक जर्मन डिग्री, लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. फिल्टरच्या आधीच्या पाण्याची कार्बोनेट कठीणता, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, आमच्या भाषेत केएच, आली १० थेंब. फिल्टरच्या नंतरची? नऊ.

कार्ट्रिज संपलेलं होतं. काउंटर फक्त लिटर मोजतो. कार्ट्रिजमधला रेझिन, म्हणजे क्षार पकडणारे बारीक मणी, मात्र लिटरने संपत नाही, त्याने किती बायकार्बोनेट पकडलं यावर संपतो. बसवणाऱ्याने पाणी ४ डिग्रीचं आहे असं धरून काउंटरमध्ये लिटरचा आकडा भरला होता. १० डिग्रीच्या पाण्यावर तेच कार्ट्रिज चाळीस टक्क्यांतच थकतं. काउंटर ६२ टक्के वापर दाखवत होता, म्हणजे शेवटचं बरंच पाणी जसंच्या तसं मशीनमध्ये गेलं.

सेटिंग करणारा चुकला असं पटकन म्हणता आलं असतं. पण फिल्टरच्या हेडवरच्या (कार्ट्रिज जिथे अडकवतात त्या झाकणावरच्या) स्टिकरवर त्या दिवशीचं रीडिंग लिहिलेलं होतं: केएच ४. मग बदललं ते पाणी. कधी, ते इथे कुणाला सांगता येईना. भिंतीवर रोजची यादी होती: दुधाचं तापमान, शॉटचे (एक एस्प्रेसो उतरायचे) सेकंद, सफाईची गोळी, "शॉट चाखला". पाचही आठवडे सगळ्या रकान्यांत टिक. आणि टिक करणारे खोटं बोलत नव्हते, ते पुढे कळलंच.

चेनला चवीचं काही पडलेलं नसतं, असं मला वाटत नाही. स्टारबक्सने २६ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतली सुमारे ७,१०० दुकानं साडेतीन तास बंद ठेवून सगळ्यांना पुन्हा एस्प्रेसो काढायला शिकवलं होतं. एवढा गल्ला उगाच कोणी सोडत नाही. पण चेनची चव यादीतून येते. यादीत जे नाही, ते दिसत नाही.

पलीकडे गेलो. दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरायची दोन तोंडं असलेलं मशीन, शेजारी ग्राइंडर, आणि काउंटरखाली मिठाचा सॉफ्टनर. बाईंनी आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगणारा मीटर, पुढे केला. "२४० आहे. २५० पर्यंत चालतं ना?" चालतं, कागदावर. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती जाते ते बघतो आणि त्यावरून आकडा सांगतो. ती वीज कशामुळे जाते हे त्याला कळत नाही. थेंब टाकले. एकूण कठीणता, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, १; केएच १०.

इथे गाठ सुटली. मिठाचा सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे बॉयलरमध्ये कवच बसत नाही, आणि म्हणून यांचं मशीन ठणठणीत होतं. पण बायकार्बोनेटला तो हात लावत नाही. कॉफीतली आंबट चव, म्हणजे सायट्रिक, मॅलिक वगैरे आम्लं, बायकार्बोनेट खाऊन टाकतं. आंबटपणा गेला की फळाचा वास असलेली हलकी भाजलेली कॉफी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. स्पेशालिटी कॉफीच्या पाण्याच्या जुन्या मानकात अल्कलिनिटी, म्हणजे आमचा केएचच, लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगितलंय. इथे ती १८०च्या घरात होती.

बाईंनी एक वही ठेवली होती आणि त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं उपकरण तीच ठरली. रोज सकाळी डोस (किती पूड), उतारा (किती कॉफी उतरली), सेकंद, ग्राइंडरचा आकडा, दोन शब्द चवीचे. आधीचे दोन महिने जवळजवळ एकच ओळ: १८ ग्रॅम, ३६ ग्रॅम, २८ सेकंद, "छान". मग एका मंगळवारी पहिल्यांदा "थोडी सपाट". बुधवारी ग्राइंड बारीक, ३४ सेकंद, "कडू". गुरुवारी जाड, २१ सेकंद, "पातळ, तरी आंबट नाही". पुढे डोस १९.५, तापमान ९३ वरून ९५, मग नवे बीन्स, मग आणखी नवे. एकही बदल चुकीचा म्हणता येणार नाही. चव बिघडली की माणूस आधी ग्राइंडरकडेच बघतो, आणि शंभरात बहुतेक वेळा तिथेच बघायचं असतं. फक्त ग्राइंडने चव कडू आणि आंबट यांच्यामध्ये सरकवता येते. आंबटपणा पाण्यातच मरत असेल, तर सरकवायला दुसरं टोकच उरत नाही.

मंगळवारची तारीख घेऊन खाली पंपावरच्या काकांकडे गेलो. त्यांना विचार करावा लागला नाही. "त्याच्या आदल्या दिवशी मेन लाइन फुटली की. तेव्हापासून टाकीत बोअरचं पाणी आहे."

म्हणजे एकाच टाकीतलं पाणी दोन्हीकडे गेलं. एकीकडे पहिल्या दिवशी जिभेला कळलं, पण कारण चुकीच्या ठिकाणी शोधलं गेलं. दुसरीकडे पाच आठवडे कुणालाच कळलं नाही आणि मग मशीनच बसलं.

बाईंना हे पटलं, तरी डोळ्यांत शंका होतीच, आणि ती चाखल्याशिवाय जात नाही. माझ्याकडे तयार पाण्याची बाटली असते. कृती सोपी आहे. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २.४५ ग्रॅम एप्सम सॉल्ट, दुसऱ्या लिटरमध्ये १.६८ ग्रॅम खाण्याचा सोडा, ही दोन मूळ द्रावणं. पहिल्यातलं ८० मिली, दुसऱ्यातलं ४० मिली आणि ८८० मिली डिस्टिल्ड, की झालं: कठीणता ८०, अल्कलिनिटी ४०. एप्सम सॉल्ट औषधाच्या दर्जाचं घ्यायचं, बागेचं नाही.

चेनच्या शिफ्ट मॅनेजरला त्यांचे गडद भाजलेले बीन्स घेऊन बोलावलं. चार वाट्या मांडल्या: हलकी भाजणी दोन पाण्यांत, गडद भाजणी दोन पाण्यांत. प्रत्येकीत ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, ९३ अंशाचं १५० मिली पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडली, फेस काढला, आणखी सहा मिनिटं निवू दिलं. चिठ्ठ्या वाट्यांच्या बुडाला. चाखायला बाई, त्यांचा बरिस्ता, मॅनेजर आणि चेनमध्ये रोज बसणारे एक गृहस्थ. कॉफी थांबली म्हणून ते कंटाळून इकडे आले होते.

हलक्या भाजणीत चौघांनी एका घोटात फरक सांगितला. टाकीच्या पाण्यातली वाटी बाईंनी चाखली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हीच ती." गडद भाजणीत बाईंना जरासा फरक जाणवला, बाकीच्यांना नाही. मग गडदच्या दोन्ही वाट्यांत ६० अंशापर्यंत तापवलेलं दूध ओतलं. आता बाईंनाही सांगता येईना. मॅनेजरच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता, त्यांच्या टिका खऱ्या होत्या. गडद भाजताना आम्लं बरीचशी जळून जातात, राहिलेल्यावर दूध बसतं. बायकार्बोनेटला खायला तिथे काही उरतच नाही. चेनची चव सगळीकडे सारखी ठेवायची तर भाजणी गडद ठेवणं हा शहाणपणाच आहे. पाणी कसंही असो, कप हलत नाही.

ते गृहस्थ गप्प होते. मग म्हणाले, "मी आधी इथलाच गिऱ्हाईक. महिनाभरापूर्वी सोडलं. वाटलं, यांचं लक्ष उडालंय."

दोन्हीकडचं काम संध्याकाळपर्यंत आटोपलं. चेनकडे नवं कार्ट्रिज, हेडवर केएच १०, काउंटरचे लिटर त्या प्रमाणात कमी, सुरुवातीचं पाच लिटर पाणी कोळशाची काळी भुकटी जाईपर्यंत वाहू दिलं. मॅनेजरला महिन्यातून एकदा थेंब मोजायला सांगितलं आणि त्यांनी यादीत रकाना वाढवला. पलीकडे कॉफीची लाइन सॉफ्टनरमधून काढून थेट टाकीच्या पाण्यावर घेतली आणि तिथे बायकार्बोनेट काढणारं डीकार्बोनेशनचं कार्ट्रिज बसवलं. सॉफ्टनरनंतर हे कार्ट्रिज लावणं ही नेहमीची चूक आहे. त्याचा रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जोडीने येणारं बायकार्बोनेट पकडतो, सॉफ्टनर ती जोडीच आधी काढून घेतो. बायपास, म्हणजे कार्ट्रिजला वळसा घालून जाणारं पाणी, ३० टक्के ठेवला, केएच आला ३ थेंब. बायपास शून्यावर ठेवला असता तर पाणी आम्लधर्मी होऊन पुढे बॉयलरचा धातू खाल्ला असता.

ग्राइंडर वहीतल्या जुन्या आकड्यावर आणला. १८ ग्रॅम, ३६ ग्रॅम, २९ सेकंद. बाईंनी चाखलं आणि काही न बोलता वहीत लिहिलं. शेजारी नवा रकाना आखला: थेंब.

तेवढ्यात कॉलेजातला एक मुलगा आला. महिनाभरापासून रोज येतो, असं बरिस्ता म्हणाला. त्याने नेहमीची काळी कॉफी घेतली, एक घोट घेतला आणि कप परत काउंटरवर ठेवला.

"ताई, आज आंबट झालीये. पूर्वी अशीच असायची, म्हणून तर मी शेजारी जायचो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मॅनेजरने विसरलेली गडद बीन्सची पुडी उघडली आणि त्या मुलाला म्हणाल्या, "थांब, दुसरी करून देते."