होवरक्राफ्ट, नोंद ५ : सीरियल मॉनिटर उघडला आणि पंखा सुटला

आधी घोळ सांगतो. थर्माकोलची बॉडी टेबलावर होती. मागे १००० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला साधारण १००० फेरे) ब्रशलेस मोटर, तिच्यावर दहा इंची पंखा, तीन सेलची लायपो बॅटरी जोडलेली. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीप देऊन आर्म, म्हणजे मोटर फिरवायला सज्ज, झाला होता, थ्रॉटल (वेगाचा हुकूम) शून्यावर, पंखा गप्प. मला नुसते पोटेन्शिओमीटरचे (थ्रॉटलच्या फिरत्या बटणाचे) आकडे बघायचे होते, म्हणून लॅपटॉपवर सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारी खिडकी, उघडला. पंखा अर्ध्या जोरात सुटला! बॉडी टेबलावरून निघाली आणि जोडीदाराने ती पडू नये म्हणून हात घातला. अंगठ्याला दोन टाके, नख चिरलं ते वेगळंच.

कारण रात्री सापडलं, आणि मोटरचा त्यात काहीच दोष नव्हता. ईएससीला हुकूम देणाऱ्या आर्डुइनो ऊनो बोर्डवर सीरियल मॉनिटर उघडला की बोर्ड रीसेट होतो, कोड पुन्हा पहिल्यापासून चालतो. माझ्या कोडमध्ये आधी सर्व्हो लायब्ररीचं अटॅच (पिनवर सिग्नल सुरू करणारी आज्ञा), मग तीन सेकंदांचा डिले आणि त्यानंतर कुठे १००० मायक्रोसेकंदांची पल्स, म्हणजे शून्य थ्रॉटल. अटॅच झाल्याबरोबर लायब्ररी आपल्या मनाने १५०० ची पल्स द्यायला लागते. सर्व्होला (ठरावीक कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरला) तो मध्य, ईएससीला अर्धा थ्रॉटल. बॅटरी नुकतीच लावली असती तर ईएससी हलला नसता, त्याला सुरुवातीला शून्य दिसावं लागतं. इथे तो आधीच आर्म होऊन बसला होता.

दहा इंची पंखा मिनिटाला ५००० फेरे फिरला तरी पात्याचं टोक ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जातं. हे गणित मी दवाखान्यातून आल्यावर केलं.

आता १००० हा आकडा अटॅचच्या आधीच लिहिलाय. पण कोडवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. कोडला हात लावायचा तर पंखा काढलेलाच असतो, शाफ्टला मास्किंग टेपची छोटी झेंडी. मोटर कुठल्या बाजूला फिरतेय ते झेंडीवरूनही कळतं (उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा), आणि बोटाला लागली तर गुदगुल्याच होतात.

पंखा लावून चाचणी घ्यायची तर बॉडी प्लायवूडच्या फळीवर, फळी टेबलाला दोन सी-क्लॅम्पनी. बॅटरी तोडायचा एक्सटी-६० प्लग बॉडीच्या पुढच्या टोकाशी आणलाय, म्हणजे पंख्यावरून हात न्यावा लागत नाही. लायपोच्या बाजूच्या वायरी मात्र उगाच लांबवू नका, ईएससीचे कपॅसिटर त्याने मार खातात. पात्यांच्या रेषेत जमिनीवर खडूची रेघ आहे, मोटर चालू असताना त्या रेघेवर कुणी उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते त्याच रेषेत सुटतं.

भंगारातून टेबलफॅनची जाळी आणली. तिच्या फटीतून बोट आरामात जातं, म्हणून वर बारीक जाळी तारेने बांधली. सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर जाळीशिवाय ५८० ग्रॅम ओढ होती, जाळीसकट ५३०. पन्नास ग्रॅम गेले. चालेल.

पुढच्या रविवारी रिमोटचा रेडिओ जोडून फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद) बघायचा आहे : झेंडी फिरत असताना रिमोट बंद करायचा आणि मोटर थांबते का ते पाहायचं. जोडीदार यायला तयार आहे, एका अटीवर. बॅटरीचा प्लग तोच लावणार आणि तेव्हा माझे दोन्ही हात त्याला दिसले पाहिजेत.