बोनेटखालची हौस

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, रंगवल्याने गाडी तसूभरही जास्त पळत नाही. ॲव्हरेज वाढत नाही की इंजिनाचा आवाज कमी होत नाही. बोनेट उघडल्याशिवाय ते कोणाला दिसतही नाही. तरी एखादी सबंध सुट्टी मी या झाकणापायी खुशाल घालवतो. कोणी नाक मुरडलंच, तर माझ्याकडे फेरारी आहे (दाखल्यापुरती). १९५७ साली फेरारी कंपनीने शर्यतीसाठी आणलेल्या ‘टेस्टा रोसा’ला (इटालियनमध्ये ‘लाल डोकं’) नाव मिळालं ते इंजिनावरच्या लाल कव्हरांवरून. पुढच्याच वर्षी तिने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ते रंगामुळे नव्हे, हे मलाही कळतं.

खरी मजा जुना रंग काढण्यात आहे. कव्हर आधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुऊन घ्यायचं, मग मोकळ्या हवेत, हातमोजे चढवून, पेंट रिमूव्हरचा जाडसर थर द्यायचा आणि हात आवरून बसायचं. थोड्या वेळात रंग फुगतो, कडा सोडतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढला की दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन येतो. अक्षरांच्या खाचांत मात्र तो हटून बसतो. तिथे जुना टूथब्रश आणि चिकाटी. कॉस्टिक सोड्याचा सोपा उपाय सांगणारे हमखास भेटतात. ॲल्युमिनियमवर तो रंगाबरोबर धातूही खातो. वर येणारे बुडबुडे असतात हायड्रोजनचे. सँडब्लास्टिंगच्या (जोरात वाळू मारून रंग काढण्याच्या) वाटेलाही मी जात नाही. कव्हरच्या आत ऑइलचे शिंतोडे अडवायला पत्र्याचा आडोसा असतो. त्यामागे शिरलेली वाळू धुऊन सगळी निघेल याचा भरवसा नाही, आणि उरलेली ऑइलबरोबर थेट बेअरिंगपर्यंत जाते.

मग पॉलिश पेपर, पुन्हा धुणं, ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर. हे कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

रंग मी काळा रिंकलच घेतो, म्हणजे सुरकुत्यांचा. एरवी रंगाला सुरकुत्या पडल्या की रंगाऱ्याची अब्रू जाते. इथे त्या मुद्दाम पाडायच्या. वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचा थर ओलाच असतो, आणि जागा न पुरल्यामुळे पापुद्रा घड्या घालत जातो. म्हणून थर जाड हवेत: एक उभा, एक आडवा, एक तिरका, मध्ये काही मिनिटं सोडून. हात आखडला तर तेवढा भाग गुळगुळीत राहतो. वरून हीट गन फिरवली की चकचकीत ओला रंग अचानक मंद पडतो आणि बारीक वळ्या एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जातात. ओतकामातले खड्डे त्यात कुठल्या कुठे लपतात. रंग पक्का वाळला की उठावाची अक्षरं लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायची. काळ्यातून चांदी उघडी पडते.

बसवताना गॅस्केट (कव्हरखालची, ऑइल अडवणारी पट्टी) नवंच. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे आवळायचे. बहुतेक गाड्यांत ते १० न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) आसपासच आवळायचे असतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा आणि तिथेच थांबायचं. इथे ताकद दाखवणाऱ्याच्या नव्याकोऱ्या रंगावरून लवकरच ऑइल ओघळायला लागतं.