दोनपैकी दोन

जुना संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा परवाना मोकळा करणारे एक बटण दाबायचे माझ्याकडून राहून गेले आणि त्यापायी, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, माझे सतरा दिवस वाया गेले. राग अजून गेलेला नाही. तो किती स्वतःवर आणि किती त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या मदत विभागावर, याचा हिशेब मात्र मी अजून करतो आहे.

मी सांगलीत लग्नामुंजींचे शूटिंग आणि एडिटिंग करतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अद्यतने बंद झाली. माझा २०१६ चा संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीतला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचे साधन लागते, ते बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सुरू करता आले, पण प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा, आणि त्याला काही इलाज नव्हता. म्हणून नोव्हेंबरमध्ये नवा संगणक घेतला. विंडोज, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, चार टेराबाइट शूटिंगची प्रत, हे सगळे एका रविवारात उरकले. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती विंडोज ११ वर चालेल अशी हमी कंपनी देत नव्हती, म्हणून सवलतीच्या दरात नवी आवृत्तीही घेतली. तिला जुन्या आवृत्तीचा सीरियल नंबर हवा होता आणि तो माझ्या डायरीत होता. नंबर टाकला, तर पडद्यावर सूचना आली, की परवाना दोन संगणकांपुरता असून दोनपैकी दोन संगणक वापरात आहेत.

पहिला संगणक म्हणजे तो जुनाच. तो मी आदल्या दिवशी फॉरमॅट करून भाच्याला अभ्यासासाठी देऊन टाकला होता. दुसरा म्हणजे माझा लॅपटॉप. तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या स्टुडिओत तीन दिवस कृष्णेच्या पाण्याखाली होता. नंतर उघडला तेव्हा कीबोर्डखालून गाळ निघाला. कंपनीच्या दफ्तरी मात्र तो अद्याप वापरात होता.

मदतीच्या अर्जात कारण निवडायचे होते. संगणक चोरीला गेला, हार्डडिस्क बिघडली, संगणक विकला, असे पर्याय होते, पुराचा नव्हता. मी 'हार्डडिस्क बिघडली' निवडले आणि खालच्या चौकटीत महापुराची सगळी हकिकत लिहिली. ती कोणी वाचली असेल असे मला वाटत नाही, कारण तिसऱ्या दिवशी आलेल्या उत्तरात लिहिले होते, की कृपया जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर उघडा, मदतीच्या यादीत जा आणि 'डीॲक्टिव्हेट' हे बटण दाबा. तो संगणक पाण्यात गेला, असे मी पुन्हा कळवले. चार दिवसांनी दुसऱ्याच कोणाचे तरी उत्तर आले: दोन्ही जुन्या संगणकांचे यंत्रक्रमांक पाठवा. हे क्रमांक सॉफ्टवेअरच्या आतच दिसतात, म्हणून ते आता बघता येणार नाहीत, हेही कळवले. मग आणखी पाच दिवसांनी खरेदीचे बिल मागितले गेले, जे त्यांना पहिल्याच दिवशी मागता आले असते. बिल लॅपटॉपच्या बॅगेतच होते, म्हणजे तेही पुरात गेलेले.

दरम्यान कामे थांबवता येत नव्हती, म्हणून नवी आवृत्ती चाचणीपुरती चालवली. तीत सर्व सोयी होत्या, फक्त बाहेर काढलेल्या प्रत्येक चित्रफितीवर कंपनीचे नाव तिरके उमटत असे. एका लग्नाचा नमुना पाठवला, तेव्हा मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी ते नाव बरोबर नवरीच्या गळ्यावरून जात होते. तिच्या आईचा फोन आला: "अहो, हे मधे काय लिहिलंय? तुमच्या स्टुडिओचं नाव का?" मी 'हो' म्हणालो नाही, एवढाच माझा प्रामाणिकपणा.

शेवटी ज्या दुकानातून २०१८ मध्ये सॉफ्टवेअर घेतले होते, तिथे गेलो. जीएसटी लागू झाल्यानंतरची खरेदी असल्यामुळे दुकानदाराकडे बिलाची प्रत संगणकात होती, त्यांनी पाच मिनिटांत छापून दिली आणि वर म्हणाले, "आधी फोन करायचा की ओ!" बिल पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन्ही जागा मोकळ्या झाल्या. म्हणून सांगतो, बिलाची प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये पाठवून ठेवावी. दुकानदार दर वेळी इतका नीटनेटका भेटेल असे नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळू शकतात. म्हणजे ही घाई मी लग्नसराईनंतर, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत केली असती तरी चालले असते.

परवाना मिळाल्यावर जुने प्रकल्प उघडले, तर मराठी शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसली. ती शीर्षके युनिकोडपूर्व, म्हणजे तो फाँट असेल तरच मराठी दिसणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होती आणि तो फाँट नव्या संगणकावर नव्हता. फाँटची फाइल जुन्या बॅकअपमध्ये सापडली. नवी शीर्षके मी आता युनिकोडमध्येच करतो. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागला, तोवर 'चि. सौ. कां.' मधल्या 'चि' ची वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसत होती. नव्या आवृत्तीत एकदा जतन केलेला प्रकल्प जुनीत उघडत नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवल्या होत्या. सगळ्या प्रकरणात तेवढेच एक शहाणपण माझ्याकडून झाले.

परवान्याच्या पानावर आता 'दोनपैकी एक' असे दिसते. बायको म्हणते, दुसरी जागा घरच्या लॅपटॉपसाठी वापरा. मी अजून तरी वापरलेली नाही.